श्रमानंतरची नाडी : स्त्रीची आणि पुरुषाची

नाडी पाहतांना पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात धरावा, असा आपल्याकडील वैद्यांचा जुना परिपाठ आहे. मनगट कोणतेंही धरा, ठोके तेवढेच पडणार. परंतु दोघांची नाडी एकाच मापानें मोजूं नये, हें त्यांतील तत्त्व अगदींच टाकाऊ नाहीं, असें अलीकडील शरीरशास्त्र वाचतां आम्हांस वाटतें.

स्त्रीचें हृदय आकारानें लहान. एका ठोक्यास तें रक्त कमी ढकलतें, म्हणून स्वस्थ बसलें असतांही त्यास मिनिटास कांहीं ठोके अधिक घालावे लागतात. पण खरी परीक्षा श्रम थांबल्यावर होते. दमछाक होईपर्यंत धांवून थांबल्यानंतर पहिल्या मिनिटांत नाडी किती उतरते, हें पाहावयाचें. हें उतरणें मुख्यत्वें मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नामक मज्जातंतूचें काम. तो चेतविला असतां हृदय थबकतें, हें वेबर बंधूंनीं १८४५ सालीं दाखविलें. आणि हा लगाम एका रसायनाच्या द्वारें ओढला जातो, हें ओटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकाच्या हृदयांवरील प्रयोगानें सिद्ध केलें.

मग हा लगाम कोणाचा बळकट? मौज अशी कीं, विश्रांतींत स्त्रीची नाडी जलद असूनही तिच्या हृदयावर व्हेगसचा अंमल पुरुषाहून अधिक आढळतो. तेव्हां श्रमानंतर तिचीच नाडी लवकर उतरावी, असें कोणीही म्हणेल. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशीं जुळत नाहींत. थांबल्यावर निजविलें कीं चालत ठेवलें, वय काय, सराव किती, यांनींच मोठा फरक पडतो; आणि सराव स्त्रीच्या वाट्यास किती येतो, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नव्हे, घराघरांतील रीतीचा आहे.

ही रीत केवळ आपल्याच देशांत होती असें नाहीं. १९२८ सालीं अ‍ॅमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. जर्मनीच्या लीना राडके यांनीं ती २ मिनिटें १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक उच्चांक केला. जपानच्या हितोमी किनुए दुसऱ्या आल्या. अंतिम शर्यतींत ९ जणी उतरल्या व नऊही जणींनीं ती पुरी केली. तरीही बायका धडाधड कोसळल्या, असें वृत्तपत्रांनीं छापलें आणि शर्यत बंद पडली, ती १९६० सालीं रोम येथें पुन्हा सुरू झाली! धांवून आलेला पुरुष गवतावर आडवा झाला तर तो श्रांत, स्त्री झाली तर ती अबला, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

क्लीव्हलँड येथील वैद्यांनीं १९९९ सालीं २,४२८ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या मिनिटांत १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर तें धोक्याचें लक्षण, असें त्यांत ठरलें. त्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता. नाडीच्या कमाल वेगाचा जुना हिशेबही दोघांस एकच, २२० उणें वय. शिकागोकडील ५,४३७ स्त्रियांच्या पाहणीवरून २०१० सालीं स्त्रियांसाठीं निराळा हिशेब निघाला : वयाची ०.८८ पट २०६ मधून वजा करावी. साठ वर्षांच्या बाईचा आंकडा जुन्या रीतीनें १६०, नव्या रीतीनें सुमारें १५३. म्हणजे निरोगी बाईही जुन्या मापानें उणी ठरे.

घरीं पाहावयाचें असेल तर भरभर चालून थांबतांच १५ सेकंद ठोके मोजून चौपट करावे, व मिनिटानें पुन्हा मोजावे. एकदम बसूं नये, सावकाश चालत राहावें. हृदयाची गति मंद करणारीं औषधें ज्यांस चालू आहेत, त्यांनीं मात्र हा हिशेब आपल्या डॉक्टरांवर सोंपवावा.