आरोग्यसेवेची शिरगणती आणि जासई

देशाला डॉक्टर किती लागतील, परिचारिका किती लागतील आणि त्यांना कोठे नेमावे लागेल याचे गणित तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवण्याची रीत आपल्याकडे स्वातंत्र्याहूनही जुनी आहे. १९४३ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध पेटलेले असताना आणि बंगालात माणसे अन्नावाचून मरत असताना, तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने 'आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती' नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. समितीच्या सदस्यांत कामगार पुढारी ना. म. जोशी होते, ते कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९४६ साली बाहेर पडलेला या समितीचा अहवाल पुढच्या सर्व आरोग्यविषयक समित्यांचा मूळपुरुष ठरला. कुलाबा जिल्ह्याचे नाव पुढे रायगड झाले. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उरण तालुक्यात, जासई हे गाव आहे. भोर समितीने मांडलेले गणित ऐंशी वर्षांत कोठवर आले, हे तपासायला दिल्लीतल्या तक्त्यांपेक्षा हे गाव अधिक उपयोगी पडावे.

समितीला देशाचे जे चित्र दिसले ते विदारक होते. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, ६०,००० माणसांमागे एक सुईण. म्हणजे जवळजवळ सात डॉक्टरांमागे एक परिचारिका! समितीने १९७१ साठी लक्ष्य ठेवले ते २,००० लोकांमागे एक डॉक्टर आणि ५०० लोकांमागे एक परिचारिका असे. नुसती संख्यावाढ एवढाच त्याचा अर्थ नव्हता. एका डॉक्टरामागे चार परिचारिका असाव्यात, म्हणजे सारी उतरंडच उलटी व्हावी, अशी ती अपेक्षा होती. आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टर, ही समजूत मोडून काढण्याचा तो प्रयत्न होता, आणि नेमका तोच आपल्या पचनी पडला नाही.

आज कागदावर पाहिले तर चिंतेचे कारण दिसत नाही. केंद्र सरकारने अलीकडे संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार, आयुर्वेदादी पद्धतींचे वैद्य धरून, ८११ लोकांमागे एक डॉक्टर उपलब्ध आहे. नोंदणीकृत परिचारिकांचे प्रमाणही भोर समितीच्या लक्ष्याच्या आसपास पोचल्याचे सांगितले जाते. परंतु नोंदणीपुस्तकात नाव चढते तितक्या सहजतेने ते उतरत नाही. आखातात गेलेली परिचारिका, लग्नानंतर नोकरी सोडलेली परिचारिका आणि उपकेंद्रात रात्रपाळी करणारी परिचारिका या तिघी त्या पुस्तकात सारख्याच 'उपलब्ध' असतात. शिवाय ८११ हा आकडा साऱ्या देशाचा. नवी मुंबईच्या उपनगरांत एकाच रस्त्यावर पाच-सहा दवाखान्यांच्या पाट्या दिसतात आणि खाडीच्या अलीकडच्या गावात संध्याकाळनंतर कोणी भेटत नाही. या दोहोंची सरासरी काढली की दोघांचेही समाधान झाल्यासारखे होते.

भोर समितीच्या एका निर्णयाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याचे परिणाम आजही भोगले जात आहेत. त्या काळी देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते : विद्यापीठाचे पदवीधर आणि मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक. मुंबई इलाख्यात हे दुसरे 'एल.सी.पी.एस.' म्हणून ओळखले जात. संख्येने तेच अधिक होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, एका खोलीत दवाखाना थाटून तीन पिढ्यांचे बाळंतपण आणि हिवताप पाहिलेले 'एल.सी.पी.एस. डॉक्टर' जुन्या लोकांच्या आठवणीत आहेत. समितीने बहुमताने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' तयार व्हावा आणि परवान्याचे अभ्यासक्रम बंद व्हावेत. काही सदस्यांनी याला विरोध करून भिन्नमत नोंदवले. देशाची निकड पाहता कमी मुदतीत शिकून खेड्यात बसणारा डॉक्टर सोडून देणे परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ सालीच कॉलेज झाले. दर्जाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. खेड्यातल्या माणसाला कमी प्रतीचा डॉक्टर का, हा प्रश्नही रास्त होता. पण पदवीधर खेड्यात गेला नाही आणि परवानाधारक उरला नाही, असे दुहेरी नुकसान पदरी पडले.

मग काय झाले? जे पुढच्या दाराने घालवले ते मागच्या दाराने परत आले. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर 'आरोग्यवर्धिनी' केंद्रांत सुरू झाले आणि तेथे सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेला 'समुदाय आरोग्य अधिकारी' नेमण्यात येऊ लागला. महाराष्ट्रात या जागांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. भोर समितीतल्या अल्पमताचे म्हणणे सत्तर वर्षांनी मान्य झाले, परंतु कोणी तसे कबूल केले नाही. मधल्या काळात शिकवण्याची सोय, बढतीचा मार्ग, समाजातला मान यांचा जो पाया एल.सी.पी.एस.ला होता, तो या नव्या पदाला अजून मिळायचा आहे.

भोर यांच्यानंतर समित्यांची रीघच लागली. मुदलियार समिती, चढ्ढा समिती, मुखर्जी समिती. १९७३ ची कर्तारसिंग समिती, जिने हिवतापाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा अशी कामगारांची फाळणी मोडून बहुउद्देशीय आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका ही पदे सुचवली. ती आली आणि टिकली, एवढे श्रेय त्या समितीला दिले पाहिजे.

पण या सर्वांत विचाराने पुढे गेलेली समिती श्रीवास्तव यांची. नोव्हेंबर १९७४ मध्ये नेमली गेली आणि एप्रिल १९७५ मध्ये अहवाल देऊन मोकळीही झाली. समित्यांच्या जगात ही घाई कौतुकास्पदच म्हटली पाहिजे. तिने सांगितले की आरोग्यसेवेची पहिली पायरी गावातच, गावातल्या माणसांतून उभी राहिली पाहिजे. शाळामास्तर, पोस्टमास्तर, ग्रामसेवक यांच्यासारख्यांना थोडे प्रशिक्षण देऊन अर्धवेळ आरोग्यकार्यकर्ते करावे, असे तिने सुचवले. मास्तरांवर खानेसुमारी, मतदारयाद्या आणि निवडणुका यांचा बोजा आधीच असताना त्यात ही भर कशी पडली असती, हे शिक्षकवर्ग अधिक चांगले सांगू शकेल! परंतु तत्त्व खरे होते. ते महाराष्ट्राला नवीनही नव्हते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका केले होते. आणि जासईहून धरमतरच्या खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला, जे. जे. रुग्णालयाचे नामांकित शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांनी सुमारे तीस गावांत तोच प्रयोग केला. स्त्रिया शिकल्या, क्षयाचे रोगी शोधू लागल्या, गोळ्या नियमित देऊ लागल्या. प्रयोगाला अडथळा रोग्यांचा झाला नाही. तो झाला ज्यांचे स्थान त्यामुळे डळमळत होते त्यांचा.

सरकारने मात्र हे तत्त्व घाईने आणि स्वस्तात उचलले. २ ऑक्टोबर १९७७ पासून हजार लोकवस्तीमागे एक स्वयंसेवक नेमण्यात आला; मानधन महिना ५० रुपये. निवडीत बहुतेक पुरुष आले, आणि काही वर्षांत योजना निवत गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली, या वेळी स्त्री. तिने प्रसूती रुग्णालयात नेल्या, नवजात बालकांच्या घरी खेपा घातल्या, करोनाच्या साथीत घरोघर जाऊन ताप मोजला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. त्याच आशांनी महाराष्ट्रात २०२१ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये संप केला आणि २०२४ च्या आरंभी त्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या, तेव्हा मार्चमध्ये मोबदल्यात वाढ झाली. शासनाच्या लेखी ती कर्मचारी नव्हेच, स्वयंसेविका आहे. मनुष्यबळाचे नियोजन जिच्या खांद्यावर उभे, ती मनुष्यबळाच्या व्याख्येतच बसत नाही, हा या ऐंशी वर्षांच्या शहाणपणाचा शेवट मानायचा काय?

आता जासईकडे वळू. दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे जे आंदोलन झाले आणि ज्यात गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले, त्या लढ्याची ही भूमी. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भातखाचरांच्या जागी कंटेनरची आवारे आली. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरणची रेल्वे आणि चिर्ल्यापर्यंत येणारा अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. २०२५ मध्ये विमानतळही झाला. एवढे होऊनही जासई नवी मुंबई महानगरपालिकेत नाही आणि पनवेल महानगरपालिकेतही नाही. ती ग्रामपंचायत आहे, म्हणून तिला आरोग्याचे निकष लागतात ते ग्रामीण : सपाट प्रदेशात ५,००० लोकांना एक उपकेंद्र, ३०,००० लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

हे निकष ज्या गावासाठी आखले गेले त्या गावात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शेती करतात, आणि आरोग्यसेविकेचे मुख्य काम म्हणजे गरोदर माता, लसीकरण व हिवताप. बंदराच्या वाटेवरील गावाचे तसे नाही. येथे ट्रेलरचालक आहेत, क्लीनर आहेत, भाड्याच्या खोलीत चौघे-पाच जण राहणारे परप्रांतीय हमाल आहेत. त्यांना धुळीचा खोकला आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, आणि अवजड वाहनांच्या रस्त्यावर होणारे अपघात आहेत. ५,००० चा निकष यातले काहीच पाहत नाही.

शिवाय ते ५,००० कोणते? पदे मंजूर करताना आधार धरला जातो तो जनगणनेचा, आणि शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा अटल सेतू नव्हता, रेल्वे नव्हती, विमानतळाच्या जागी टेकडी होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. लोकांची प्रत्यक्ष मोजणी आता फेब्रुवारी २०२७ साठी ठरली आहे. पंधराहून अधिक वर्षांमागच्या गावासाठी आजचे मनुष्यबळ ठरवायचे, अशी ही तऱ्हा. त्यात मंजूर पद आणि भरलेले पद यांतले अंतर वेगळेच. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉक्टरला वर्षभर सेवेचे बंधपत्र असते, पण दंड भरून त्यातून सुटताही येते, आणि ज्याला परवडते तो सुटतो.

१९८७ साली बजाज समितीने केंद्रात आणि प्रत्येक राज्यात आरोग्य मनुष्यबळाचा स्वतंत्र कक्ष असावा, आरोग्यविज्ञानाची विद्यापीठे असावीत आणि शिक्षणावर देखरेखीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या धर्तीवर आयोग असावा, असे सुचवले होते. यातली आयोगाची सूचना श्रीवास्तव समितीने बारा वर्षे आधीच केलेली. विद्यापीठ महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकला झाले, भोर यांच्याच जन्मगावी. विद्यापीठ पदव्या देते. पदवीधर कोठे हवा हे सांगण्याचे काम त्या कक्षाचे होते. वर्षावर्षाला पदे आणि वस्ती यांचा मेळ घालणारा असा कक्ष राज्यात खरोखर काम करता, तर बंदराच्या गावांचे प्रमाण २०११ वर अडकून पडले नसते.

त्यासाठी नवी समितीही नको. आशा आणि आरोग्यसेविका दरवर्षी घरोघर फिरून कुटुंबांची नोंद करतात. भाड्याच्या खोल्या, नवी बिऱ्हाडे, गेलेली माणसे हे सारे त्यांच्या वहीत असते. लसींची मागणी ठरवताना त्या वहीचा उपयोग होतो, पण पदांची मागणी ठरवताना ती वही कोणी उघडत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने उरण तालुक्यापुरता तरी या नोंदींवरून उपकेंद्रांचा आणि पदांचा प्रस्ताव करून शासनाकडे पाठवला, तर त्याला नकार देण्यासाठी मंत्रालयाला निदान काही कारण लेखी द्यावे लागेल.