टिंबामागे दडलेली फाईल

टर्मिनलची खिडकी उघडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रॉम्प्ट हजर होतो. तेवढ्या वेळात शेलने, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, तुमच्या होम फोल्डरमधली एक छोटी फाईल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलेली असते. बॅश असेल तर ‘.बॅशआरसी’, झेडशेल असेल तर ‘.झेडएसएचआरसी’. प्रॉम्प्टचा रंग, लांबलचक कमांडला दिलेलं दोन अक्षरी टोपणनाव, प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

या नावातलं टिंबसुद्धा गोष्ट सांगतं. शेवटचं ‘आरसी’ आलं ‘रनकॉम’वरून. १९६०च्या दशकात एमआयटीतल्या सीटीएसएस या प्रणालीत, फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड एकापाठोपाठ चालवण्याच्या सोयीला हे नाव होतं. टिंबाची कथा बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘.’ म्हणजे हेच फोल्डर आणि ‘..’ म्हणजे वरचं फोल्डर, अशा दोन नोंदी असतात. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ने त्या दाखवू नयेत म्हणून सोपी तपासणी लिहिली गेली: पहिलं अक्षर टिंब असेल तर नाव गाळा. पण त्यामुळे टिंबाने सुरू होणारं प्रत्येक नावच यादीतून नाहीसं झालं! एका घाईच्या ओळीतून ‘लपलेली फाईल’ जन्माला आली आणि आज जगभरचे कितीतरी प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज अशाच फाईलींत ठेवतात.

दिसत नाही ते विसरलं जातं. संगणक बदलताना कागदपत्रं, फोटो आठवणीने नेले जातात. वर्षानुवर्षं ओळ-ओळ जमवलेली ही फाईल मात्र जुन्या डिस्कवरच राहते.

तिला सांभाळायला गिट आहे, फाईलींतल्या बदलांचा इतिहास जपणारं अवजार. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये ते लिहिलं, लिनक्स कर्नलचा अवाढव्य पसारा आवरण्यासाठी. तेच अवजार तुमच्या चाळीस ओळींच्या फाईलसाठीही तितक्याच निष्ठेने राबतं. गिट फाईलच्या मजकुरावरून ४० अक्षरांचा एक ठसा काढतं. एक स्वल्पविराम बदला, ठसा पार वेगळा येतो. उलट, दोन माणसांच्या फाईलींचा मजकूर तंतोतंत सारखा असेल तर पुण्यात काय नि टोकियोत काय, ठसा एकच! बदलांची जतन केलेली प्रत्येक नोंद म्हणजे एक कमिट. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा ठसा कोरलेला असतो, त्यामुळे मागची एक नोंद बदलली की पुढच्या साऱ्या नोंदींचे ठसे बदलतात.

मांडणी साधी आहे. खऱ्या फाईली एका फोल्डरमध्ये ठेवून तिथे गिट सुरू करायचं आणि होम फोल्डरमध्ये जुन्याच नावाची सिम्बॉलिक लिंक ठेवायची. शेल नेहमीच्या जागी बघतं, लिंक त्याला खऱ्या फाईलपर्यंत पोचवते. फाईली बऱ्याच असतील तर ग्नू स्टो हा प्रोग्राम अशा लिंका एका दमात जोडून देतो.

एक ओळ जवळून पाहू. बॅश चालू सत्रात मागच्या ५०० कमांड लक्षात ठेवतं, ही त्याची मूळ मर्यादा. तुम्ही ती १०,००० केलीत आणि कमिटच्या संदेशात लिहिलंत, ‘गेल्या महिन्यातली बॅकअपची कमांड सापडेना, म्हणून.’ तीन वर्षांनी त्या ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवा. ओळ कोणत्या दिवशी बदलली आणि कोणत्या कमिटमध्ये, हे लगेच समोर येतं. त्या कमिटचा संदेश उघडला की कारणही मिळतं. नुसत्या बॅकअपमध्ये फाईल परत मिळते, इथे तिच्यामागचा विचारही परत मिळतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. पासवर्ड आणि खासगी किल्ल्या यात कधीही ठेवू नका. नंतर ओळ पुसली तरी इतिहासात ती शिल्लक राहते.

आज रात्री टर्मिनल उघडा, ‘एलएस’ला ‘-ए’ जोडून चालवा आणि टिंबामागे काय काय आहे ते बघा. मग ‘गिट इनिट’, ‘गिट ऍड’, ‘गिट कमिट’. पहिल्या कमिटला एवढं पुरतं.