शजरा : रोज्यांच्या महिन्यात लिहिली जाणारी घराण्याची वही

रमजानचा दुसरा आठवडा लागला की घरोघरी जकातीचा हिशेब निघतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक, सोनं-चांदी, दुकानातला माल यांवर शेकडा अडीच. आकडेमोड अवघड नसते. अवघड असतं ते पुढचं, म्हणजे द्यायची कुणाला? आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात चालत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण भाऊ, बहीण, चाचा, फुफी, मामू, खाला आणि त्यांची लेकरं अडचणीत असतील तर त्यांचा हक्क आधी. नातलगाला दिलेल्या दानाचं पुण्य दुहेरी, एक दानाचं आणि दुसरं नातं जोडल्याचं, अशी प्रेषितांची शिकवण आहे. या नातं जोडण्याला ‘सिलाए-रहमी’ म्हणतात आणि रमजानच्या बयानांत हा शब्द हमखास कानावर येतो.

पण त्यासाठी नातलग कोण, हे ठाऊक पाहिजे. आपल्या भागात तेच कठीण आहे. चांद्याच्या बहुतेक मुस्लिम घरांचा मूळ गाव दुसराच असतो. कुणी कोळशाच्या खाणीवर आलं, कुणी रेल्वेत, कुणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कुणी सागवानाच्या ठेकेदाराबरोबर आलापल्लीच्या जंगलात. राजुऱ्याकडची मंडळी हैदराबादशी बांधलेली, सिरोंच्याकडची घरात तेलुगूही बोलणारी. दोन पिढ्या गेल्या की मागे उरतं एवढंच, ‘आपले कुणीतरी वडशाला होते म्हणे’. त्यात आमच्याकडे कबर कच्ची ठेवण्याचा रिवाज. नाव कोरलेला दगड बहुधा नसतो. कब्रस्तानात फातेहा पढता येतो, पण पणजोबाचं नाव तिथे वाचता येत नाही.

म्हणून काही घरांनी वही घातली आहे. आमच्या घरातही पाच-सहा रमजानांपासून ती चालू आहे. तरावीहची नमाज आटोपली की चहाबरोबर वही निघते, फोनवर नागपूरची फुफी असते, आदिलाबादचे चाचा असतात. या वहीतूनच दादांच्या सावत्र बहिणीची नात सापडली. ती आमच्याच शहरात दोन मोहल्ले सोडून राहते, शिवणकामावर तीन मुलं वाढवते. त्या वर्षीपासून जकातीचा पहिला लिफाफा तिकडे जातो.

या वहीला आम्ही ‘शजरा’ म्हणतो. शजर म्हणजे अरबीत झाड. मराठीत वंशावळ. घराण्याच्या नावांची वही ठेवणं ही इस्लामच्या इतिहासात फार जुनी गोष्ट आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी हिजरीच्या दुसऱ्या दशकात लोकांना तनखा वाटण्यासाठी ‘दीवान’ म्हणजे नोंदवही सुरू केली. ते काम त्यांनी एकट्या कारकुनावर सोपवलं नाही. अकील इब्न अबी तालिब, मखरमा इब्न नौफल आणि जुबैर इब्न मुतइम या कुरैशमधल्या तीन वंशावळ-जाणकारांना एकत्र बसवलं. त्यांनी यादीत प्रेषितांच्या घराण्यानंतर पहिले खलिफा अबू बकर यांचं घराणं घेतलं आणि लगेच उमर यांचं. उमर यांनी यादी परत पाठवली. प्रेषितांच्या जवळच्या नात्यापासून सुरू करा, एकेक पायरी लांब जा आणि माझं घराणं ज्या पायरीवर येईल तिथेच लिहा, असं त्यांनी सांगितलं. खलिफाचं घराणं पुष्कळ खाली गेलं. वंशावळ लिहायला बसलेल्या प्रत्येक मोठ्या भावाला हा किस्सा ऐकवावा असं मला वाटतं, कारण वही ज्याच्या हातात असते त्याची शाखा नेहमी पहिल्या पानावर असते.

वहीची आखणी साधी आहे. लांब कोऱ्या ताावांचं रजिस्टर, प्रत्येक माणसाला एक क्रमांक. नाव, घरातलं नाव, वडील, आई, जन्माचं गाव, निकाह कुठे आणि कुणाशी, दफन कुठे. आणि शेवटी एक रकाना, ‘कुणी सांगितलं’. हा रकाना आमच्या मोठ्या चाचांच्या आग्रहाने आला. हदीसच्या ग्रंथांत प्रत्येक वचनामागे ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी असते, ऐकवणाऱ्याला ‘रावी’ म्हणतात. तसाच इथेही रावी लिहायचा. फुफीने एक सांगितलं, चाचांनी दुसरं, तर दोन्ही लिहायचं, पेन्सिलीने. कागद मिळाला की मग शाईने.

आईचा रकाना भरायला सर्वात जास्त वेळ लागला. पुरुषांची नावं पाच पिढ्यांपर्यंत तोंडपाठ होती, त्यांच्या बायकांची नावं तिसऱ्याच पिढीत संपली. ‘बडी अम्मा’, ‘वरोरेवाली’, ‘गूंगी दादी’. त्या नावाविनाच गेल्या. लेकींचंही तसंच. लग्न होऊन गेली की शाखा बंद. हे फक्त आठवणीचं दुर्लक्ष आहे असं मी मानत नाही. कुरआनने बायकोचा, आईचा, मुलीचा वाटा आकड्यांत सांगितला आहे. मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, आईला सहावा, मुलीला मुलाच्या निम्मा. मिळकत न वाटता एकामागून एक वारस मरत गेले की ‘मुनासखा’ नावाचा लांबलचक हिशेब करावा लागतो. त्यात एक लेक गाळली की पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून तर ती गाळली जाते! वहीत लेकीची शाखा चालू ठेवा म्हटल्यावर आमच्याकडे दोन इफ्तार थोड्या शांततेतच झाल्या. आता ती पानं आहेत. निकाहच्या जुन्या नोंदींचा इथे मोठा उपयोग झाला, कारण निकाहनाम्यात नवरीचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव लिहिल्यावाचून निकाह नोंदवला जात नाही.

जन्मसाल काढणं हा वेगळाच खेळ. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, आठवण सांगतात. मानमोडीची साथ म्हटली की १९१८. पोलीस ॲक्शन म्हटलं की सप्टेंबर १९४८. आमच्या एका खालाबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती रोज्यांत जन्मली आणि तेव्हा बायका मोह वेचायला जात होत्या. हिजरी वर्ष चांद्र आहे, ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. २०२४ चा रमजान मार्च-एप्रिलात, मोहाच्या दिवसांत होता. त्याआधी तसा योग १९९१ च्या सुमारास, त्याआधी १९५६ ते १९५९ आणि त्याच्याही आधी १९२३ ते १९२६. खालाचं लग्न सत्तरच्या दशकातलं, म्हणजे जन्म १९५६ ते १९५९ मधलाच. जंगलाच्या जिल्ह्यात राहण्याचा हा एक फायदा. तेंदूपत्ता, मोह, धानाची रोवणी, यांची कॅलेंडरं पक्की असतात.

कागदांकडे वळलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि आपली वही एकच असल्यासारखी वाटते. जुन्या मध्य प्रांतातल्या जमिनीच्या नोंदी पाहा. धर्म कोणताही असो, ‘अमुक वल्द तमुक’, बाई असेल तर ‘जौजे’. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे पत्नी, दोन्ही शब्द अरबी. वारस, नक्कल, मिसल, शाळेतलं दाखल-खारीज, सगळे त्याच घरचे. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक आहे. गावचा कोतवाल कोण जन्मलं, कोण मेलं हे लिहून ठेवत असे. ती पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात जिथे टिकली आहेत तिथे सोन्याच्या मोलाची आहेत. कुठे जायचं हे मात्र आधी समजून घ्यावं लागतं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ चा, त्याआधी सगळं चांदा. राजुरा तर हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, १९५६ ला नांदेडात आणि १९५९ ला चांद्यात. एकाच घरात आजोबा निजामाचे, बाप नांदेडचा आणि नातू चंद्रपूरचा, आणि तिघांनी गाव सोडलेलं नाही.

निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज पडली. मदरशातला एखादा वृद्ध मौलवी मराठा कुटुंबाच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतो, हे दृश्य कुणाला नवं वाटलं असेल, मला नाही. आमच्या वहीतलं एक पान मोडी वाचणाऱ्या सेवानिवृत्त गुरुजींमुळेच भरलं.

हा सगळा खटाटोप हौसेचा वाटत असेल तर वनहक्काचा दावा केलेल्या माणसाला विचारा. २००६ च्या कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पिढी २५ वर्षांची धरली आहे, म्हणजे थेट १९३० पर्यंत मागे जायचं. जंगलाकाठी शेती करणारा ढिवर असो, कुणबी असो की मुसलमान, दावे अडतात ते इथे. नियमांनी पुराव्यांची जी यादी दिली आहे तिच्यात जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. सामूहिक दाव्यासाठी स्मशान आणि दफनभूमीच्या खुणाही चालतात. म्हणजे कोतवाल बुकात पणजोबा सापडले तरी आपण त्यांचे कोण, हे जोडणारी कडी घरच्या वहीतच असते.

जातीच्या दाखल्याचंही तेच. पिंजारी, मोमीन, मणियार अशा मुस्लिम ओबीसी समाजांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जुन्या शाळेत गुरुजींनी जातीच्या जागी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबांच्या दाखल्यावर ‘पिंजारी’ असलं तर त्यांच्याशी वडिलांकडून रक्ताचं नातं दाखवावं लागतं. मुलीचा प्रवेश तोंडावर आल्यावर ही वंशावळ काढायला बसलेली घरं मी पाहिली आहेत. आठ दिवसांत ती निघत नाही.

इतरांनी हे काम माणसांवर सोपवलं होतं. गोंडांच्या घराण्यांची गाथा परधान गात आले, किंगरीच्या सुरावर. चार देव, पाच देव, सहा, सात, कोणाचं लग्न कोणाशी होतं आणि कोणाशी नाही, हे त्या गाण्यात येतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. आमच्याकडे असा कुणी नाही, म्हणून घरानेच लिहायचं.

लिहिताना एक मोह आवरावा लागतो. चार-पाच पिढ्या झाल्या की कुणीतरी शजरा एकदम बगदाद नाहीतर मदिनेपर्यंत नेतो. छापील, सोनेरी किनारीचा कागद भिंतीवर लागतो. आपला नसलेला वंश सांगणं आमच्या धर्मात मोठा गुन्हा आहे. ज्या नावाला रावी नाही तिथे वही थांबवावी, आणि वर जाताना एखादं हिंदू नाव निघालं तर तेही तसंच लिहावं. दत्तक मुलाचं नाव त्याच्या जन्मदात्याच्या नावानेच चालवावं असा कुरआनचा दंडक आहे, पण ते मूल घरात वाढलं हेही वहीत यायलाच हवं. ते त्या मुलाला आधी विचारून. मोडलेली लग्नं, दुसरे निकाह, यांबद्दलही तोच नियम.

वाटण्याबद्दल आमच्या घराने ठरवलं ते असं : मूळ वही एका घरात, झेरॉक्स प्रती चार, त्यातली एक लेकीच्या सासरी. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा तर फक्त गेलेल्यांची पानं. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते असलेली पानं फोनवर फिरवायची नाहीत, आधार क्रमांक वहीत लिहायचाच नाही. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याला सगळे जमतात तेव्हा चारही प्रती एकत्र येतात, वर्षभरातले जन्म, निकाह आणि मृत्यू चारही ठिकाणी उतरवले जातात. यंदा तिसऱ्या प्रतीत सहा नावं चढायची आहेत, आणि वरोरेवालीचं खरं नाव कुणाला ठाऊक असेल तर तेही.