ओहोटीचे मोजके तास

मांडवीकाठी बांधावर उभं राहिलं की एका बाजूला भरतीचं खारं पाणी दिसतं आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याहून खालच्या पातळीवर, भाताचं शेत. समुद्र वर आणि शेत खाली! मधे फक्त मातीचा एक बांध.

गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजण जमीन आहे. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या खाड्यांलगतची ही दलदल गावकऱ्यांनी कित्येक शतकांपूर्वी लागवडीखाली आणली. बांधाला खाडीतलाच चिखल, त्यात पेंढा नि काटक्या, बाहेरून जांभ्या दगडाचं अस्तर. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो आणि मग खारटपणा सोसणारं कोरगुट भात उभं राहतं.

पण सगळ्यात मोठं नवल आहे ते मानशीत. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी झडप मिटते. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी तीच झडप ढकलून उघडतं आणि शेतात साचलेला पाऊस खाडीत निघून जातो. साधारण दर 12 तास 25 मिनिटांनी हे घडतं, रात्रीसुद्धा. रायगडच्या खारेपाटात असंच काम उघाडी करते. व्हेनिसने 2020 मध्ये पहिल्यांदा भरतीपुढे उभ्या केलेल्या 78 पोलादी झडपा वर उचलायला दाबाखालची हवा लागते. मानशीला चंद्र पुरतो.

मानशीच्या आतल्या अंगाला असते पोय, म्हणजे पाणी थोपवून धरणारा खोलगट भाग. दार बंद असेल तेवढा वेळ पाऊस तिथे थांबतो. ओहोटीला मानशीपाशी जाळं लावलं की कोळंबी नि मासे मिळतात, आणि जाळं लावण्याच्या हक्काचा लिलावही होतो.

1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली, आणि वाढीचा वेग चढताच आहे. हे ऐकून आपल्या मनात येतं, बांध उंच करू. मानशीकडे पाहिलं तर वेगळंच संकट दिसतं. समुद्र वर सरकला की ओहोटीही पूर्वीइतकी खाली जात नाही. मग दार उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं. जुलैच्या मुसळधार पावसात आतलं पाणी बाहेर पडायला तास कमी पडतात. खाडीचा एक थेंबही आत न येता शेत गोड्या पाण्यात बुडू शकतं! भरतीचा पूर म्हणजे बांधावरून उसळलेलं पाणी, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असेल तर हे निसटून जातं.

बांधाची राखण हा तर रोजचा उद्योग. खेकड्याचं एक बीळ पुरतं. त्यातून भरती आत शिरते, ओहोटी बाहेर पडते, दोन्ही वेळा माती झिजते आणि भगदाड रुंदावत जातं. मांडवीत खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही बांध खरवडले. वेळेवर दुरुस्ती झाली नाही तर मीठ मातीत मुरतं आणि ते धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. पूर्वी ही जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेची होती. तिचे रिवाज 1526 च्या पोर्तुगीज सनदेत नोंदलेले आहेत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पण शेतीच सोडून दिलेल्या कुळाने बांधावर का यावं? गोव्याच्या किनाऱ्याचं भवितव्य ठरवताना मला हा प्रश्न सिमेंटच्या हिशोबाहून मोठा वाटतो.

उपाय आहेत. बांधाबाहेर लाटा मोडणारी खारफुटी राखणं, मानशी वाढवणं, त्यांच्या झडपा वेळच्या वेळी बदलणं आणि पोय मोकळी ठेवणं. कारण ओहोटीचे तास जितके घटतील, तितकी पोय मोठी लागेल. खाजणात भराव टाकण्याचा प्रस्ताव पुढे आला की दार बंद असताना पाऊस कुठे थांबणार, याचं उत्तर त्यात आधी शोधायला हवं.