आपत्ती व्यवस्थापनाचे शिक्षण : शिष्यवृत्ती कोठे शोधावी?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच किनाऱ्यावर गोपालपूरजवळ ‘फायलिन’ हे अतितीव्र चक्रीवादळ धडकले. तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या शंभरीच्या खूपच आत राहिली. चौदा वर्षांत घडलेल्या या बदलामागे अचूक पूर्वानुमान होते, निवारागृहे होती आणि इशारा मिळाल्यावर कोणी काय करावयाचे हे जाणणारी प्रशिक्षित माणसे होती.

मात्र फायलिनने लाखो हेक्टरांवरील उभे पीक नेले. माणूस वाचला, त्याचे भात, त्याची नारळाची झाडे आणि खारे पाणी शिरलेली त्याची जमीन वाचली नाही. आपत्तीनंतर शेत पुन्हा उभे करण्याचे, जनावरांच्या चाऱ्याचे व रोगनियंत्रणाचे, नुकसानीच्या शास्त्रीय मोजमापाचे आणि पुढील हंगामाच्या बियाण्याचे नियोजन करणारे तज्ज्ञ देशाला हवे आहेत. हे काम शिकू इच्छिणारे तरुण ग्रामीण भागात पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न शिक्षणाच्या खर्चाचा असतो.

विस्तारलेले क्षेत्र

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा स्तरांवर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन झाली. याच कायद्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था यांना वैधानिक अधिष्ठान दिले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातील २० टक्के हिस्सा आपत्तीपूर्व सौम्यीकरणासाठी राखून ठेवला. मदत वाटण्याइतकेच महत्त्व धोका कमी करण्याला मिळू लागल्याचे हे द्योतक आहे.

कृषी क्षेत्रातही ही दृष्टी रुजली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ मध्ये ‘निक्रा’ हा हवामान-अनुकूल शेतीविषयक राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांचे कृषी आकस्मिकता आराखडे तयार केले. पाऊस दोन आठवडे लांबल्यास कोणते वाण पेरावे, पुरानंतर कोणते पीक घ्यावे, जनावरांसाठी कोणती पूर्वतयारी ठेवावी, याचे जिल्हानिहाय मार्गदर्शन त्यांत आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता व क्षारता यांसारख्या ताणांवर संशोधन करते. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारे ‘स्वर्णा-सब१’ हे भाताचे वाण २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. पूरप्रवण शेतीसाठी असे वाण निर्माण करणे हेही आपत्ती व्यवस्थापनच होय.

नावाने शोधू नये, ज्ञानशाखेने शोधावे

‘आपत्ती व्यवस्थापन शिष्यवृत्ती’ या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपल्या देशात फारसे काही लागत नाही आणि तो निराश होतो. या निराशेचे कारण शोधाच्या पद्धतीत आहे. आपत्ती व्यवस्थापन हे अनेक विद्याशाखांच्या संगमावर उभे असलेले क्षेत्र आहे. कृषी हवामानशास्त्र, मृद् व जलसंधारण अभियांत्रिकी, पशुवैद्यक, भूशास्त्र, दूरसंवेदन, अग्निशमन अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य या सर्व वाटा तेथे पोहोचतात. शिष्यवृत्त्या या मूळ शाखांसाठी, शिक्षणाच्या स्तरानुसार आणि कुटुंबाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार दिल्या जातात. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम आपली मूळ शाखा निश्चित करावी, त्या शाखेची शिष्यवृत्ती मिळवावी आणि प्रकल्प, प्रबंध व प्रशिक्षण यांचा विषय आपत्तीशी जोडावा.

या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. जिल्हा स्तरावरील आपत्ती व्यवस्थापनाची पदे बऱ्याच ठिकाणी कंत्राटी स्वरूपाची असतात. भक्कम मूळ शाखा हाती असल्यास विद्यापीठे, कृषी विभाग, पीकविमा क्षेत्र, हवामान सेवा आणि स्वयंसेवी संस्था अशी अनेक दारे खुली राहतात.

पदवी स्तरावर

बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती उपयुक्त आहे. आपल्या परीक्षा मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेले आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आहे असे नियमित अभ्यासक्रमाचे विद्यार्थी तीस पात्र ठरतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वार्षिक १२,००० रुपये आणि पदव्युत्तर स्तरावर वार्षिक २०,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव आहेत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो.

अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा सर्वांत व्यापक आधार आहे. तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून ती अकरावीपासून पीएच.डी.पर्यंत लागू होते. तिची अंमलबजावणी राज्ये करतात. त्यामुळे परराज्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या मूळ राज्याच्या पोर्टलवर अर्ज करावयाचा असतो.

भूशास्त्र, भूभौतिकी, वातावरणविज्ञान व सागरविज्ञान अशा मूलभूत विज्ञानांकडे वळणाऱ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ उच्च शिक्षण शिष्यवृत्ती आहे. तिचे मूल्य वार्षिक ८०,००० रुपये असून त्यांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात आणि २०,००० रुपये संशोधन प्रकल्पासाठी दिले जातात. बारावीत आपल्या मंडळातील सर्वोच्च एक टक्क्यात येणे हा पात्रतेचा प्रमुख निकष आहे. कृषी पदवीसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत, हे अर्ज करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

अग्निशमनाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी देते. वर उल्लेखिलेल्या सर्वसाधारण शिष्यवृत्त्यांचा विचार येथील विद्यार्थ्यांनीही आपापल्या पात्रतेनुसार करावा.

पदव्युत्तर स्तरावर

कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी या टप्प्यावर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा निर्णायक ठरते. या परीक्षेच्या गुणवत्तेवर देशभरातील कृषी विद्यापीठांत प्रवेश मिळतो आणि वरच्या क्रमांकांवरील विद्यार्थ्यांना परिषदेची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते. ती न मिळालेल्या, परंतु आपले अधिवासाचे राज्य सोडून अन्य राज्यातील विद्यापीठात या परीक्षेद्वारे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. विदर्भातील विद्यार्थी आणंद येथे कृषी हवामानशास्त्र शिकावयास गेला किंवा बिहारमधील विद्यार्थिनी त्याच विषयासाठी पुण्यात आली, तर ही शिष्यवृत्ती त्यांच्या उपयोगी पडू शकते. आपत्तीच्या अभ्यासकाला परराज्यातील शिक्षण विशेष लाभदायक असते, कारण अवर्षणाच्या प्रदेशात वाढलेल्या विद्यार्थ्याला पुराचा प्रदेश तेथे राहूनच कळतो.

कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी ‘गेट’ परीक्षेचा मार्ग आहे. या परीक्षेत कृषी अभियांत्रिकी, पर्यावरण अभियांत्रिकी, भूशास्त्र व भूभौतिकी यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. गेटच्या आधारे पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. भूकंप अभियांत्रिकीची दीर्घ परंपरा असलेल्या आय.आय.टी. रुरकी येथे आपत्ती शमन व व्यवस्थापनाचे उत्कृष्टता केंद्रही आहे.

समाजविज्ञानाच्या अंगाने या विषयाकडे येणाऱ्यांसाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील जमशेटजी टाटा आपत्ती अभ्यास प्रशाला हे देशातील महत्त्वाचे केंद्र आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम अल्प खर्चाचा पर्याय ठरतो. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था आपले अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य चालविते. उपग्रह प्रतिमांवरून पूरक्षेत्र किंवा पिकाचे नुकसान ओळखण्याचे कौशल्य त्यातून आत्मसात करता येते.

संशोधनासाठी

राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषययादीत आता आपत्ती व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय समाविष्ट आहे. या विषयाला स्वतःच्या नावाने खुले झालेले हे एक ठळक दार होय. या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ज्येष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. १ जानेवारी २०२३ पासून हे दर लागू आहेत. कृषी शाखेतील पीएच.डी.साठी परिषदेची कनिष्ठ-ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती परीक्षा स्वतंत्र आहे.

संशोधनाचा विषय निवडताना प्रदेशाची गरज पाहावी. गारपिटीनंतर द्राक्षबागेचे पुनरुज्जीवन, पूरग्रस्त जमिनीवरील गाळाचे व्यवस्थापन, दुष्काळातील चारा-नियोजन किंवा पीकविम्यातील नुकसान-मापनाची अचूकता यांसारखे विषय शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहेत.

परदेशी शिक्षणाच्या संधी

ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीच्या विकासविषयक सूत्रांत संकटांना तोंड देण्याची क्षमता व प्रतिसाद यांचे बळकटीकरण हे एक स्वतंत्र सूत्र आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एंडाउमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. ती पुढे परत करावयाची असते. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींबरोबरच भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही स्थान आहे. तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. भूमिहीन शेतमजुरांच्या घरांपर्यंत ही माहिती पोहोचविण्याचे काम कृषी विज्ञान केंद्रे करू शकतात. शासकीय सेवेतील अधिकाऱ्यांसाठी जपानमधील त्सुकुबा येथील जलआपत्ती केंद्राचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जपानी सहकार्य संस्थेच्या साहाय्याने उपलब्ध आहे.

आपत्तीग्रस्त घरातील विद्यार्थी

या क्षेत्राकडे ओढला जाणारा विद्यार्थी अनेकदा आपत्तीग्रस्त गावातीलच असतो. पुराने घरात शिरलेले पाणी पाहिलेल्या मुलीला पूरशास्त्राचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. परंतु ज्या संकटातून ही प्रेरणा येते, तेच संकट शुल्काचे पैसेही घेऊन जाते. उत्पन्नाचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर दिला जातो. यंदा पीक वाहून गेलेल्या कुटुंबाचे गतवर्षीचे उत्पन्न मर्यादेपेक्षा किंचित अधिक असेल, तर नेमक्या गरजेच्या वर्षी शिष्यवृत्ती हुकते. घरातील कागदपत्रे भिजून नष्ट झाली, तर अर्जाची मुदत दाखले गोळा करण्यातच संपते.

यावर काही उपाय विद्यार्थ्याच्या हाती आहेत. गुणपत्रिका, जातीचा दाखला व अन्य प्रमाणपत्रे पावसाळ्यापूर्वीच डिजिलॉकरमध्ये आणून ठेवावीत. तेथील अधिकृत दस्तऐवज मूळ प्रतीच्या तोडीचे मानले जातात. बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी, कारण बहुतेक रकमा थेट खात्यात येतात. महाविद्यालयाकडून होणारी अर्जाची पडताळणी वेळेत पूर्ण झाली की नाही, याचा पाठपुरावा करावा. दोन योजनांचा लाभ एकाच वेळी घेता येतो का, हेही नियमांत तपासून घ्यावे.

काही उपाय मात्र संस्थांनीच करावयास हवेत. शासनाने आपत्तीग्रस्त घोषित केलेल्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना शुल्काचे हप्ते पाडून देणे, शिष्यवृत्तीची रक्कम येईपर्यंत परीक्षेस बसू देणे आणि अर्ज भरण्यासाठी साहाय्य कक्ष चालविणे यांना फारसा खर्च येत नाही. विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी संघटनांना अशा विद्यार्थ्यांसाठी छोटा आकस्मिक निधी उभारता येईल.

निवारागृह, पूरसंरक्षक भिंत आणि पूर्वसूचना यंत्रणा यांवरील खर्च आपत्ती सौम्यीकरणाचा खर्च म्हणून मोजला जातो. पूरग्रस्त गावातील विद्यार्थ्याला कृषी हवामानशास्त्रज्ञ किंवा पशुवैद्यक होऊन आपल्याच प्रदेशात परतण्यास साहाय्य करणारी शिष्यवृत्तीही त्याच खात्यात मोजली पाहिजे. आपत्ती आलेल्या वर्षीच एखाद्याचे शिक्षण थांबले, तर पुढील आपत्तीच्या वेळी त्या गावाजवळ एक जाणकार माणूस कमी असतो.