आखूड अर्धस्वयंचलित पिस्तुलांची तुलना : एक पद्धतीविषयक विचार

नेमबाजीच्या मैदानावर दोन पिस्तुलांची तुलना करताना लक्ष्यपत्रावरील छिद्रांवरूनच शस्त्राचा दर्जा ठरविला जातो. या निष्कर्षाची मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीची ९ मिमी काडतुसाची तीन पिस्तुले उदाहरणादाखल घेऊ. ग्लॉक १७, १९ व २६ यांच्या नळ्या अनुक्रमे सुमारे ११४, १०२ व ८७ मिमी लांबीच्या आहेत. नळीबरोबरच नेम धरण्याच्या पुढील व मागील खुणांमधील अंतरही घटते. हे अंतर १६५ मिमी असता खूण १ मिमीने ढळल्यास १० मीटरवर गोळी सुमारे ६१ मिमी चुकते. अंतर १३७ मिमी असल्यास तीच चूक ७३ मिमी होते. शिवाय तेच काडतूस हलक्या पिस्तुलास अधिक वेगाने मागे ढकलते. परिणामी दुसरा नेम साधण्यास विलंब लागतो. अर्थात, विखुरलेली छिद्रे बहुधा नळीचा दोष नव्हे, तर हाताची वाढलेली चूक दर्शवितात.

म्हणून प्रत्येक पिस्तूल प्रथम आधारावर टेकवून व नंतर हाती धरून, समान अंतरावरून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी चालवावे. थकव्याचा परिणाम एकाच पिस्तुलाच्या वाट्यास येऊ नये यासाठी क्रम आलटून पालटून ठेवावा. दोन्ही निकालांत मोठी तफावत आढळल्यास त्यावरील उपाय नवे शस्त्र नसून सराव होय.