पेशीचा सांगाडा जनुकांना आदेश कसा देतो? वाचा सविस्तर

जखम झाली की आसपासच्या पेशी आकार बदलतात, सरकू लागतात. त्यासाठी नवी प्रथिने लागतात आणि त्यांचा आराखडा असतो केंद्रकातील जनुकांत. बाहेर हालचाल सुरू झाली, हे केंद्रकाला कळते कसे? निरोप पोहोचवण्यात ॲक्टिन या प्रथिनाचा मोठा वाटा आहे.

ॲक्टिन म्हणजे काय?
स्नायूंच्या आकुंचनासाठी ओळखले जाणारे हे प्रथिन पेशीचा सांगाडाही उभारते. ते दोन रूपांत असते : सुटे कण आणि त्या कणांच्या माळा. फॉर्मिन नावाची प्रथिने माळा ओवतात, कोफिलिन त्या तोडते. पेशीत सुटे कण किती उरणार, हे अशा नियंत्रक प्रथिनांच्या हातात.

जनुकांशी संबंध काय?
खरी गंमत इथे आहे. सुटे ॲक्टिन एमआरटीएफ-ए या प्रथिनाला धरून ठेवते. वाढीचा संकेत मिळताच फॉर्मिन भराभर माळा ओवतात, सुटे कण कमी पडतात आणि एमआरटीएफ-ए मोकळे होते. केंद्रकात ते एसआरएफ या प्रथिनाला जाऊन मिळते आणि जनुकांची ‘कॉपी’ काढण्याचे काम, म्हणजेच ट्रान्सक्रिप्शन, वेग घेते. लंडनमधील रिचर्ड ट्रीझमन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. चालू होणाऱ्या जनुकांत खुद्द ॲक्टिनचे जनुकही असते! माल संपत आला की नवी ऑर्डर, असा हा हिशेब.

सायटोकॅलॅसिन-डी हे बुरशीपासून मिळणारे रसायन माळा बिघडवते. म्हणजे जनुके थंडावायला हवीत. प्रत्यक्षात ती चालू होतात. कारण हे रसायन ॲक्टिनची एमआरटीएफ-ए वरची पकडच सोडवते. थोडक्यात, माळ किती लांब यापेक्षा पकड सुटली का, हे महत्त्वाचे.

बिघाड झाला तर?
२०१५ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात चार वर्षांच्या एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला वारंवार जिवाणूंचा गंभीर संसर्ग होत असे. जनुकातील दोषामुळे तिच्या शरीरात एमआरटीएफ-ए तयार होत नव्हते. परिणामी पांढऱ्या पेशींत ॲक्टिन कमी पडले आणि त्यांना नीट सरकता येईना.

उलट हे प्रथिन अतिसक्रिय राहिले, तर अवयवांत व्रणासारखी तंतुमय ऊती साचत जाते. त्याला फायब्रोसिस म्हणतात. एमआरटीएफचा मार्ग अडवणाऱ्या रसायनांनी उंदरांच्या त्वचेतील फायब्रोसिस रोखता आला आहे. मात्र पांढऱ्या पेशींनाही हेच प्रथिन लागते. औषधाने ते सरसकट बंद करणे रुग्णाला परवडणारे नाही. किती दाबायचे आणि कुठे, यावर सारे अडले आहे.